अमरावतीच्या कडुनिंबावर एक बूट

मी झाडावर चढतो. पोटासाठी चढतो, हौस म्हणून नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी 'पोरगा काय करते?' असं विचारलं, तेव्हा माझ्या काकांनी 'त्याचं काम उंचावरचं हाये' एवढंच उत्तर दिलं होतं. सासरे पुढचे सहा महिने मला मोबाइल टॉवरवरचा इंजिनियर समजत होते. मग एकदा ते अकोल्याला आले आणि त्यांनी मला एका शाळेसमोरच्या चिंचेवर, डोक्याला रुमाल बांधून, हातात करवत घेऊन बसलेलं पाहिलं. बराच वेळ वर बघून ते एवढंच म्हणाले, "उंच तं हाये."

घर आमचं पातूरकडचं. भाजीपाल्याची शेती; वांगी, भेंडी, हिवाळ्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. शेत थोरल्या भावाने सांभाळलं. मी बांधावरच्या आंब्या-चिंचांवर चढण्यात जी हुशारी दाखवली होती, तिच्या बळावर अकोल्यातल्या एका ठेकेदाराकडे लागलो. ठेकेदाराचं काम झाडांच्या छाटणीचं. कॉलन्या, शाळा, दवाखाने, सरकारी बंगले. जिथे फांदी तारेत घुसली किंवा टिनावर टेकली, तिथे आम्ही. चढणारे अकरा जण. कमरेला बेल्ट, बेल्टला दोर, दोर वरच्या जाड फांदीवरून घेतलेला, आणि पाय उघडे. बूट घालून झाडावर चढायचं ही कल्पनाच आमच्यात कोणाला नव्हती. आमच्यातले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते तर चपलाही फक्त बँकेत जाताना घालत.

मग एका उन्हाळ्यात ठेकेदाराला वरून पत्र आलं. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने सुरक्षा-बूट घालणं बंधनकारक. आमचा ठेकेदार कायदा पाळणारा माणूस. चौथ्याच दिवशी पोत्यात भरून बूट आले. अकराच्या अकरा जोड नऊ नंबरचे.

"सगळे नऊचेच कसे?" मी विचारलं.

"पत्रात नंबर कोठी लिहेला होता?" ठेकेदार म्हणाला.

बूट काळे, जड, बोटांवर आतून लोखंडी टोपी बसवलेले. कारखान्यात माणसाच्या पायावर काही पडू नये म्हणून असे बूट करतात, हे मला नंतर कळलं. आमच्या पायावर काही पडत नाही. पडायचं असलं तर आम्हीच पडतो.

तरी आम्ही बूट वापरू लागलो. सकाळी झाडाखाली रांगेत उभं राहायचं, बूट घालायचे, मुकादम मोबाइलवर गुडघ्याखालचा फोटो काढायचा. फोटो ग्रुपवर जायचा, ग्रुपवर पत्र पाठवणाऱ्या ऑफिसातल्या साहेबांचा अंगठा यायचा, की बूट परत पोत्यात आणि आम्ही झाडावर. एखाद्या दिवशी नऊच जण कामावर असले, की रांगेचा फोटो दोन तुकड्यांत काढायचा आणि पहिल्या तुकड्यातले दोघे जण दुसऱ्या वेळी रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे. माणसांची हजेरी कधी कधी चुकली, पण बुटांची हजेरी एक दिवस चुकली नाही.

असं सुरळीत चाललं असताना साहेबांना प्रत्यक्ष पाहणी करायची बुद्धी झाली. ते गाडीतून उतरले, कडुनिंबाखाली सावलीत उभे राहिले, आणि फोटो झाल्यावरही गेले नाहीत. बूट काढणार कसे? मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, मी झाडाकडे पाहिलं. माझा पाय सातचा. दोन मोजे चढवले, बुटाच्या टोकात एकेक रुमाल कोंबला, आणि चढलो.

पहिल्या बेचक्यापर्यंत निभावलं. पुढच्या फांदीवर मी पाय वळवला, तर पाय वळला आणि बूट तसाच राहिला. पुढच्या क्षणी मी दोरावर लटकत होतो. घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बूट पायातून निसटून खाली गेला आणि साहेबांपासून हातभर अंतरावर, टोपीच्या बाजूने जमिनीत रुतला.

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "बेल्ट उत्तम आहे. लिहून घ्या." मग त्यांनी जमिनीतला बूट पाहिला. "बूटही मजबूत आहेत."

तीन हप्ते मी घरी बाजेवर पडून होतो. माझी बायको देवळापाशी फुलं-हार विकते. एरवी ती माझ्या कामाबद्दल फार बोलत नाही. त्या दिवशी हार गुंफता गुंफता म्हणाली, "अजी, पायानं गेले तं फुलं मीच विकीन, भाजी मीच आणीन, अन् तुमाले संडासापर्यंत धरून मीच नेईन. त्यापक्षा बूट घ्या. तुमच्या पायाचे घ्या, साहेबाच्या फोटोचे नाई."

"आमच्यात कोणी बूट घालून चढत नाई," मी म्हणालो.

"तुमच्यात कोणी तीन हप्ते बाजेवर बी नव्हतं पडेल."

घोटा जमिनीवर टेकवता यायला लागला तसा मी बूट शोधायला निघालो.

अकोल्यातल्या पहिल्या दुकानात काचेची दारं आणि गार हवा होती. तिथल्या तरुणीने विचारलं, "रनिंग, वॉकिंग की जिम?" मी म्हटलं, झाडावर चढायचे. तिने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "झाड नाही येत याच्यात." दुसऱ्या दुकानदाराने डोंगर चढायचे बूट काढले. निळे, त्यावर नारिंगी पट्टे. "दादा, हे घालून लोक हिमालयात जातात."

"मले जठारपेठेतल्या चिंचेवर जाचं हाये," मी म्हणालो.

"हिमालयात चालते तं चिंचेवर काहून नाई चालन?"

मी घालून पाहिले. आत मऊ, गादीवर पाय ठेवल्यासारखे. पण फांदीवर मऊ बूट काय कामाचा? पाय कुठे टेकला तेच कळणार नाही. तिसरं दुकान पोलीस आणि सुरक्षारक्षकांच्या मालाचं. तो म्हणाला, "हे पायात घातले की समोरचा घाबरलाच पाह्यजे." झाड घाबरेल का, असं मी विचारलं, तर त्याने बूट परत खोक्यात ठेवले.

खरी अक्कल मिळाली ती बसस्टँडपाशी रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मोच्याकडे. मी त्याच्याकडे बेल्टची उसवलेली पट्टी शिवायला नेली होती. पट्टी कशाने उसवली हे त्याने विचारलं, मी सगळी हकिकत सांगितली. साहेबांचं वाक्य आलं तेव्हा त्याने टोच्या खाली ठेवला आणि मनसोक्त हसून घेतलं. मग म्हणाला, "बूट पायात घालाच्या आधी हातात घेजो. मधातून पिळून पाह्य. फडक्यावानी पिळला गेला तं तथीच ठेवून दे. तुले दिवसभर बेचक्यात पाय रोवून उभं राहाचं हाये. तळ वाकला की तळवा वाकते, अन् संध्याकाळी मंग माणूस लंगडते."

"अजून?"

"टाच निराळी पाह्यजे, धारेची, फांदीवर अटकली पाह्यजे. घोटा पुरा झाकला पाह्यजे. तळ शिवेला घेजो, चिपकवेला नाई. चिपकवेला तळ मे महिन्यात डांबरावर राहून जाते अन् माणूस पुढं चालला जाते." त्याने पट्टीचा दोरा दातांनी तोडला. "अन् संध्याकाळी जाजो बूट घ्याले. सकाळचा पाय लहान असते. दिवसभर उभं राह्यल्यावर जो पाय होते, तो खरा."

असे बूट मिळतात कुठे, हे विचारल्यावर त्याने मला अमरावतीच्या एका जुन्या दुकानाचा पत्ता सांगितला. तिथे म्हणे कधीकाळी टेलिफोनच्या खांबांवर चढणाऱ्यांसाठी मागवलेला माल पडून होता. "खांबावर चढणारे गेले, बूट राह्यले," मोची म्हणाला.

पुढच्या शनिवारी मी सकाळपासून मुद्दाम उभं राहून पाय तयार केला आणि दुपारच्या एसटीने अमरावतीला गेलो. मूर्तिजापूरपर्यंत बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळे पाय आणखीच खरा झाला. बायकोने पिशवीत बेल्ट आणि दोर घालून दिले होते. बूट घ्यायला दोर कशाला, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "मी तुमाले ओळखतो."

आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'मी येतो, मी जातो.' पुण्याच्या माणसाला वाटेल, घरात दोन नवरे आहेत.

दुकान एका गजबजलेल्या रस्त्यावर होतं आणि त्याच्या दाराशीच एक जुना कडुनिंब. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर, चारी बाजूंनी खोक्यांनी वेढलेला. त्याने शिडी लावून पार वरच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि त्यावरची धूळ माझ्यावर झटकली. आत तपकिरी कातड्याचे बूट होते. सात नंबर. मी एक बूट हातात घेऊन पिळला, हटला नाही. टाच धारेची, घोटा झाकलेला, तळाच्या कडेने जाड दोऱ्याची शिलाई. पायात घातला. टाचेपाशी घट्ट, बोटांना पुढे मोकळी जागा. दुकानाच्या शिडीवर चढून उतरून पाहिलं. बोटं टोकाला लागली नाहीत.

"पण शिडी म्हणजे झाड नाई," मी म्हणालो आणि बाहेर पाहिलं.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "एक बूट घालून जा," तो म्हणाला. "दुसरा माह्यापाशी राहू द्या. दोन्ही घालून कोणी निघून गेला तं मी या वयात कोणाच्या मांगं धावू?"

त्याचं म्हणणं मला पटलं. बेल्ट बांधला, दोर टाकला, आणि एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, असा मी चढलो. दुसऱ्या बेचक्यात बुटाचा पाय रोवून उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा लक्षात आलं की, उघड्या पायाची बोटं सालीला किती आवळून धरतात. बुटातला पाय नुसता उभा होता. त्याला काही धरावं लागत नव्हतं. मी तिथेच थांबून अंगाचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर देऊन पाहू लागलो.

खाली बघितलं तर वीस-पंचवीस माणसं जमलेली. आमच्या भागात चांगला कमावता माणूस टाकीवर किंवा टॉवरवर जाऊन उभा राहिला, म्हणजे त्याची काहीतरी मागणी असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

"ओ भाऊ! मागणी काय हाये?" एकाने ओरडून विचारलं.

"काई नाई! बूट पाहून राह्यलो!"

"काय म्हणते तो?" मागच्याने विचारलं.

"बूट मागून राह्यला."

"खरंच हो! एकच बूट हाये त्याच्या पायात."

"एकच मंजूर झाला असन."

हे पुढे सरकत सरकत चौकापर्यंत गेलं असावं. कारण दहाव्या मिनिटाला पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी, मागे चार कार्यकर्ते आणि एक चालू मोबाइल घेऊन झाडाखाली हजर झाले. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. "भाऊ, घाबरू नका! आमी तुमच्या पाठीशी आहो!"

"पाठीशी राहा, पण या फांदीखालून बाजूले व्हा," मी म्हणालो. "वाळेली हाये."

ते दोन पावलं सरकले आणि मोबाइलकडे तोंड करून बोलू लागले. कष्टकऱ्याला एका बुटावर झाडावर चढवणारी ही कसली व्यवस्था, असा त्यांचा सवाल होता. खोटं सांगत नाही, भाषण चांगलं होतं. लोखंडी टोपीच्या बुटांबद्दल मला जे कधी बोलता आलं नव्हतं, त्यातलं निम्मं ते काहीच माहिती नसताना बोलून गेले. मला वर उभ्या उभ्या भरून आलं, आणि त्याच वेळी आपण यांना फसवतोय असं वाटून लाजही वाटली.

तेवढ्यात हवालदार आले. "खाली उतर!"

"उतरूनच पाहाचं हाये साहेब. उतरताना बोटं लागतात का, तेच राह्यलं."

मी उतरलो. बोटं लागली नाहीत. पाय जमिनीला लागताच टाळ्या वाजल्या. पुढाऱ्यांनी दुकानदाराच्या हातातला दुसरा बूट जवळजवळ हिसकावून घेतला, मोबाइलसमोर उंच धरला आणि माझ्या हातात दिला. "आंदोलनाले यश!"

"पण बुटाचे पैसे?" दुकानदाराने विचारलं.

पुढाऱ्यांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं, कार्यकर्त्यांनी माझ्याकडे. पैसे अर्थात मीच दिले. बूट घ्यायलाच तर आलो होतो. दुकानदाराने तेवढ्या गर्दीत चार जोड चपला आणि एक शाळेचा बूट विकला, म्हणून मला नाड्यांचा एक जादा जोड फुकट दिला.

सोमवारी पेपरात माझा फोटो आला. मंगळवारी ठेकेदाराचा फोन. "तू माह्यावर आंदोलन केलं?" मी शपथेवर नाही म्हटलं. पण तोवर वरून दुसरं पत्र येऊन पोचलं होतं. बूट निवडण्यासाठी समिती नेमली होती, आणि तिच्यात मी होतो, 'अनुभवी प्रतिनिधी' म्हणून.

बैठकीला पाच जण. त्यांतले चार जण कधी स्टुलावर तरी चढले असतील की नाही, शंका आहे. पहिला अर्धा तास रंगावर चर्चा झाली. काळा की तपकिरी? मग पाहणीवाले तेच साहेब माझा बूट हातात घेऊन, आंबा पिकला का बघावं तसा अंगठ्याने दाबून पाहू लागले. मोच्याने सांगितलेलं सगळं मी सांगितलं. तळ पिळून दाखवला, टाच दाखवली, शिलाई दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, "साहेब, बाकी कसेही आणा, पण प्रत्येकाच्या पायाचं माप घ्या."

"म्हणजे प्रत्येकाचा पाय वेगळा असतो?" साहेबांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी खरंच या गोष्टीचा कधी विचार केला नव्हता. लेखनिकाने कागदावर लिहिलेलं मी तिरक्या नजरेने वाचलं : 'कामगारांचे पाय वेगवेगळ्या मापाचे असतात, असे निदर्शनास आले.'

मापं घ्यायचं काम माझ्यावर आलं. एका संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी पॅकिंगचा खाकी कागद झाडाखाली पसरला आणि एकेकाला त्यावर उभं करून भोवती पेन्सिल फिरवली. इतकी वर्षं एकत्र काम करून मी या माणसांचे पाय कधी नीट पाहिले नव्हते. एकाचा अंगठा नखाविना होता. एकाच्या तळव्याला बाभळीच्या काट्याची जुनी गाठ. वयस्कर काकांची दोन बोटं एकमेकांवर चढलेली. कुठल्याशा पावसाळ्यात घसरून मोडली होती आणि तशीच जुळली होती. पेन्सिल फिरवताना त्यांना गुदगुल्या झाल्या आणि ते बाईसारखे खिदळले.

"माहं माप घेऊन काय करतं?" ते म्हणाले. "माहे किती दिवस राह्यले आता?"

"जितके राह्यले तितके दिवस पाय तं राहीन ना," मी म्हणालो. त्यांनी दुसरा पाय स्वतःहून कागदावर ठेवला.

बूट यायला पावसाळा उलटला. माझ्यासारखे नव्हते, पण शिवलेले होते, टाच होती, आणि ज्याच्या त्याच्या नंबरचे होते. एकाच्या खोक्यात दोन्ही डाव्या पायाचे निघाले. ते बदलून यायला दिवाळी झाली. काकांनी आपले बूट घालून नातीचा साखरपुडा केला, मग एका मयताच्या तेरवीला गेले, मग बँकेत. झाडावर मात्र उघड्या पायानेच.

"काका, झाडावर कवा घालसान?" मी एकदा विचारलं.

"घालतो ना. झाड कोठी पळून राह्यलं?"

मग तेल्हाऱ्याला एका दवाखान्याच्या आवारात काम लागलं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला, चिंचेची साल काळी आणि निसरडी. काकांनी पिशवीतून बूट काढले, घातले, आणि नाड्या हातात धरून तसेच बसून राहिले. तेव्हा मला कळलं की, नाडी बांधणं त्यांना येतच नव्हतं. साखरपुड्याला, बँकेत जाताना, प्रत्येक वेळी नातीने बांधून दिली होती. मी खाली बसलो आणि दोन्ही नाड्या बांधल्या. काका तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते.

ते सावकाश चढले. पहिल्या बेचक्यात थांबून दोनदा पाय आपटून पाहिला.

"कसं वाटते?" मी खालून विचारलं.

"पायाले काईच समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. मग पाय पुन्हा आपटून, "पण दुखून बी नाई राह्यलं."

आणि त्यांनी दोराचं मोकळं टोक खाली सोडून करवत मागितली.